घरगुती कुपनाची वंशावळ : हुंडीपासून गुरुवारच्या सुट्टीपर्यंत

१/ जुन्या वहीचा कागद, पट्टीने आखलेली चौकट, वर रंगीत पेनाने लिहिलेले नाव आणि खाली एकच वाक्य : ‘हे कुपन दाखवल्यास एक रविवार पूर्णपणे तुझा.’ आपल्या माणसाला भेट म्हणून घरीच तयार केलेले कुपन साधारण असे दिसते. हा प्रकार परदेशी आणि अगदी अलीकडचा वाटतो. नाव परकीय आहे, हे खरेच. पण त्या कागदावरची प्रत्येक गोष्ट, म्हणजे नाव, वचन, मुदत आणि सही, पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्याला शतकानुशतके परिचित आहे. ही त्या कागदाची वंशावळ.

२/ प्रथम शब्दाकडे पाहू. फ्रेंच भाषेत ‘कुपे’ म्हणजे कापणे. युरोपात कर्जरोख्यांच्या कडेला लहान लहान चौकटी छापलेल्या असत. व्याजाची तारीख आली की रोखेधारक त्यातली एक चौकट कापून देई आणि व्याज घेई. तो कापलेला तुकडा म्हणजे कुपन. रोख्यावरील व्याजाच्या दराला वित्तबाजारात आजही ‘कुपन रेट’ म्हणतात. सवलतीशी कुपनाचा संबंध नंतर आला. मुळात ते आधी दिलेला शब्द ठरल्या दिवशी पुरा करून घेण्याचे साधन होते.

३/ पुढे या तुकड्याने अनेक रूपे घेतली. १८६८ मध्ये थॉमस कुक यांनी प्रवाशांसाठी हॉटेलची कुपने काढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोका-कोलाने एक पेला फुकट देणारी तिकिटे वाटली आणि कुपन जाहिरातीच्या कामाला लागले. दुसऱ्या महायुद्धात त्याला कठोर रूप आले. मुंबईत १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि कोणाला किती मिळणार, हे कागद ठरवू लागला. हक्क, आमिष आणि वाटप असे तीन अर्थ एकाच कागदाला चिकटले.

४/ मराठी मुलखात मात्र शब्दाला कागदाचे रूप देणारे साधन फार आधीपासून होते. ते म्हणजे हुंडी. एका गावच्या पेढीवर पैसे भरायचे, तिने लिहून दिलेला कागद घेऊन दुसऱ्या गावी जायचे आणि तिथल्या पेढीवर रक्कम उचलायची. रोकड बरोबर घेऊन घाट उतरण्याचा धोका त्यामुळे टळे. ‘दर्शनी’ हुंडी दाखवताच वटे, तर ‘मुदती’ हुंडी ठरलेले दिवस भरल्यावर. दोन्हींच्या मागे सोन्याचा साठा असेल वा नसेल, पेढीची पत मात्र असावीच लागे.

५/ हुंडीचा आणखी एक भेद इथे महत्त्वाचा आहे. जो कोणी कागद हाती घेऊन येईल त्याला रक्कम देणारी हुंडी ‘देखनहार’. ज्याचे नाव लिहिले आहे त्यालाच, किंवा तो सांगेल त्याला, रक्कम देणारी हुंडी ‘नामजोग’. आजच्या दुकानाचे भेटकुपन बहुधा देखनहार असते, कोणाच्याही हाती गेले तरी चालते. घरी केलेले कुपन नामजोग असते. ते दुसऱ्याला विकता येत नाही. ‘आईला एक दिवस स्वयंपाकातून सुट्टी’ या कागदाची बाजारात किंमत शून्य, आणि आईपाशी त्याला तोड नाही.

६/ हुंडीच्या व्यवहारात विसरभोळेपणालाही जागा होती. मूळ हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळे, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. आणि रक्कम चुकती होऊन निकामी झालेल्या हुंडीला ‘खोखा’ असे नाव होते. ही शब्दसंपदा एक गोष्ट सांगते. दिलेले वचन कागद हरवल्याने बुडू नये, आणि पाळलेले वचन दुसऱ्यांदा मागितले जाऊ नये, या दोन्हींची काळजी त्या व्यवहाराने घेतली होती.

७/ सावकार शब्द देई, तसे सरकारही देई. सरकारच्या लेखी अभयाला ‘कौल’ म्हणत. १६३० च्या सुमारास दुष्काळ आणि लष्करी धामधूम यांनी पुणे परगणा उजाड झाला होता. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर यांबरोबर चाकणही होते. पळून गेलेल्या रयतेने परत यावे, पडीक जमीन कसावी, यासाठी कौल देण्याची रीत होती. ‘इस्तावा’ हा त्यातला खास प्रकार. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरवर्षी थोडा अधिक, आणि काही वर्षांनी पूर्ण दर.

८/ इस्ताव्याचा कौल म्हणजे मुदत लिहिलेली सवलत. पण त्याचे खरे मोल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळे. कमाविसदाराने मध्येच पूर्ण सारा मागितला तर कौल फुकट गेला आणि माणसे पुन्हा गाव सोडून गेली. नांगर धरणारा शेतकरी बियाणे, बैल आणि एक अख्खा हंगाम त्या कागदावर पणाला लावत असे. सवलत देणाऱ्याचे फारसे काही जात नाही, तिच्यावर विसंबणाऱ्याचे मात्र सर्वस्व जाऊ शकते. वचनाच्या कागदाचा हा सर्वांत गंभीर भाग आहे.

९/ चिंचवडने हा धडा पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला. मोरया गोसावी यांच्या परंपरेतील देव घराण्याकडे देवस्थानासाठी इनामे होती. राज्ये बदलत गेली. मोगल, मराठे, मग इंग्रज. जुना दानपत्राचा कागद नव्या सत्तेने मान्य केला तरच चाले. १८५२ च्या अकराव्या अधिनियमाने कायदेशीर अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने तर मुंबई इलाख्यातील इनामदारांकडे पुरावेच मागितले. दान देणारा गेल्यावर दानाचे काय होते, हा प्रश्न लॉरेन्स प्रेस्टन यांच्या चिंचवडच्या देवांवरील १९८९ च्या इंग्रजी ग्रंथातही सतत डोकावतो.

१०/ असे कागद खोटे ठरू नयेत म्हणून मराठी लेखनपद्धतीने दोन सुंदर युक्त्या वापरल्या. पहिली ‘मोर्तब’. मजकूर जिथे संपे तिथेच ही छोटी मुद्रा उमटवीत, म्हणजे पुढे कोणाला ओळ घुसवता येत नसे. दुसरी ‘निशाणी’. लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी आपल्या व्यवसायाचे अवजार काढी किंवा काढून घेई. पाटलाच्या आणि कुणब्याच्या नावापुढचा नांगर हे तिचे सर्वांत परिचित रूप. अक्षर येत नव्हते, तरी शब्द त्याचाच होता.

११/ गावगाड्यात मात्र सर्वांत मोठी देवघेव कागदाविना चाले. तिचे नाव पैरा किंवा सावड. आज चार जणांनी एकाच्या शेतात राबायचे, उद्या त्याने त्यांच्या शेतात. एकाचा एक बैल आणि दुसऱ्याचा एक, मिळून जोडी व्हायची. हिशेब दिवसांचा, आणि तो डोक्यात ठेवायचा. ‘इर्जिक’ याहून उदार. नांगरट अडलेल्या घरी सारा गाव आपापली औते घेऊन येई आणि त्या घराने सर्वांना जेवू घालावे, एवढीच अपेक्षा असे. भेट म्हणून श्रम देण्याची कल्पना इथल्या मातीत नवी नाही.

१२/ लग्नघरात मात्र वही निघे. आहेराच्या वहीत कोणी काय दिले, याची नोंद होई, कारण त्यांच्या घरच्या कार्यात तितके परत करायचे असे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये दानावरील प्रसिद्ध निबंधात हेच मांडले की देणे, घेणे आणि परत करणे या तिन्हींचे बंधन भेटीत गुंफलेले असते. आहेराची वही सांभाळणाऱ्या कुठल्याही मराठी घराला हा सिद्धान्त ऐकून नवल वाटले नसते. भेट आणि ऋण यांच्यामधली रेघ फार पातळ असते.

१३/ ती रेघ एका माणसाने पुसून टाकली, अशी परंपरेची साक्ष आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या मधून इंद्रायणी वाहते, आणि तिच्या काठी देहू आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते होती. दुष्काळानंतर त्यांनी खतांची वाटणी केली. भाऊ कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. इथे भेट कागद देऊन झाली नाही, कागद नाहीसा करून झाली. ऋणकोला मिळालेले याहून मोठे कुपन कल्पिता येत नाही.

१४/ आता विसाव्या शतकात येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. साठच्या दशकात आकुर्डीत बजाज आणि पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी यांची नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका.

१५/ कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणची पाळी नंतर आली. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ. ज्या शिवारात सावडीने नांगर चालत, तिथे असेंब्ली लाइन आली. या बदलात जमिनीची चर्चा पुष्कळ होते, वेळेची कमी होते. शेतात दिवस सूर्यावर आणि पावसावर मोजला जाई. कारखान्यात तो पहिल्या, दुसऱ्या आणि रात्रपाळीत कापला गेला. कुपनाच्या मूळ अर्थाप्रमाणे आयुष्याच्याही चौकटी पडल्या.

१६/ या चौकटींना कायद्याचा आधार होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि साप्ताहिक सुट्टी अनिवार्य केली. सवलतीखाली एखाद्या कारखान्यात ती सुट्टी बुडाली, तर त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत बदली सुट्टी द्यावी, असेही त्यात होते. वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढील वर्षी दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा. नीट पाहिले तर ही वेळेची मुदती हुंडीच आहे.

१७/ पिंपरी-चिंचवडच्या घड्याळाला आणखी एक खास वळण मिळाले. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या वेगवेगळ्या दिवशी ठेवण्याची पद्धत पडली, आणि इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आली. शाळा मात्र रविवारी बंद. वडील घरी असत त्या दिवशी मुले वर्गात, आणि मुले घरी असत त्या दिवशी वडील यंत्रापाशी. त्यात आठवड्याला पाळी बदलणारी. एकाच घरात राहणाऱ्या माणसांची गाठ पडणे हाच दुर्मीळ योग झाला.

१८/ याच कारखान्यांनी कामगाराच्या हाती कुपन दिले. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह काढायला लावण्याचा अधिकार १९४८ च्या अधिनियमाने राज्य सरकारांना दिला होता. चहा-नाश्त्याचे, जेवणाचे कुपन, गेट पास, रजेचा अर्ज, पगाराची स्लिप, असे छोटे छोटे कागद खिशात साठू लागले. क्रमांक, तारीख, सही, शिक्का आणि कार्यालयाकडे राहणारी स्थळप्रत. घरी कुपन करणारी मुले आज चौकट आखून कोपऱ्यात क्रमांक घालतात, ती रचना याच कागदांच्या घराण्यातली.

१९/ आकुर्डीने तर अख्ख्या देशाला वचनाच्या कागदाची वाट पाहायला लावली. १९७२ मध्ये चेतक आली. परवाना-पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होत्या आणि मागणी अफाट. नोंदणीनंतर स्कूटर हाती येण्यास दहा-दहा वर्षे लागत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे, आणि इतर लोक वरचे पैसे मोजून दुसऱ्याची गाडी घेत. नोंदणीची पावती हीच मालमत्ता झाली. १९९१ नंतर बाजार खुला होत गेला आणि ती रांग इतिहासजमा झाली. पूर्तता लांबली की कागदाचाच बाजार भरतो, हे त्या रांगेने दाखवले.

२०/ पुढच्या काळात कंपन्यांनी दिवाळीला मिठाईच्या पुड्याबरोबर, कधी त्याऐवजी, भेटकुपने द्यायला सुरुवात केली. ती सोयीची असतात यात शंका नाही. परंतु ती पैशाचीच दुसरी नाणी. ज्या घरात पैशापेक्षा वेळेची चणचण अधिक, तिथे दुकानाचे कुपन अपुरे पडते. म्हणूनच पाडव्याच्या किंवा भाऊबीजेच्या ओवाळणीच्या तबकात हाताने लिहिलेला कागद पडतो तेव्हा त्याचा विषय बहुधा वेळच असतो. एक सहल, एक दुपार, अभ्यासाला सोबत, भांडी घासण्यातून एक दिवस सुटका.

२१/ असे कुपन करणाऱ्याला जुन्या कागदांकडून पुष्कळ घेता येते. नामजोग लिहावे : कोणासाठी, ते नाव स्पष्ट असावे. एका कुपनावर एकच गोष्ट असावी आणि ती मोजता येईल अशी असावी. ‘तुला नेहमी मदत करीन’ यापेक्षा ‘तीन शनिवार बाजारहाट माझ्याकडे’ हे चांगले. मुदत लिहावी, पण इस्ताव्यासारखी पेलेल अशी. मजकूर संपताच मोर्तबासारखी खूण करावी. सहीबरोबर आपली निशाणी काढावी. नांगराच्या जागी आता पाना असेल, लॅपटॉप असेल किंवा शाळेची पेन्सिल.

२२/ दुसरा अर्धा भाग कापून स्थळप्रत म्हणून देणाऱ्याने स्वतःपाशी ठेवावा, कारण वचन विसरतो तो बहुधा देणाराच. कुपन हरवले तर कुरकुर न करता पेठ द्यावी. वटले की त्यावर तारीख घालून खोखा म्हणून जपून ठेवावे, काही वर्षांनी तेच घराचे दप्तर होते. आणि आहेराच्या वहीचा मोह टाळावा. समोरच्याने आपल्याला किती कुपने दिली याची तुलना सुरू झाली की भेट संपते आणि खतावणी सुरू होते.

२३/ कागद करणे सोपे, तो वटवणे अवघड. सरकारी रोखा बुडाला तर दाद मागता येते. बदली सुट्टी नाकारली तर कायद्याकडे जाता येते. वडिलांनी दिलेला रविवार आला नाही तर आठ वर्षांच्या मुलीला कुठलेही इनाम कमिशन नसते. ती कुपन पुन्हा कंपासपेटीत ठेवते. दुसऱ्यांदा न वटल्यावर ते मागत नाही. पेढीची पत एका दिवसात बुडे, ती सगळ्या बाजाराला कळे. घरातली पत हळूहळू आणि निःशब्द बुडते, म्हणून तिची जोखीम मोठी.

२४/ तो रविवार मिळवायचा कसा, याचे उत्तरही इथल्याच परंपरेत आहे. गुरुवारची सुट्टी असलेला कामगार सहकाऱ्याला म्हणतो, ‘या रविवारी माझी पाळी तू कर, तुझ्या घरच्या कार्याला मी उभा राहीन.’ सुपरवायझरची मंजुरी मिळते आणि अदलाबदल होते. याला कारखान्यात कोणी पैरा म्हणत नाही, पण तो पैराच आहे. तोच दिवसांचा हिशेब, तोच डोक्यात ठेवलेला. घरातले कुपन असे यंत्रापाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या शब्दावर वटते. त्या सहकाऱ्याचे नाव कुपनावर कुठेच नसते.